फरातकाठचा नारळ

दर वर्षी भाऊबीज आटोपली की दोन-तीन दिवसांत परबकाका माझ्या ऑफिसात यायचे. हातातली कापडी पिशवी समोरच्या खुर्चीवर ठेवायचे, स्वतः उभेच राहायचे आणि विचारायचे, "काय गो चेडवा, सीरिया चालू झाला?"

गोराईची फेरीबोट बंद पडलीय आणि ती आज सुटणार की नाही, एवढंच विचारल्यासारखं.

पिशवीत नारळ असायचा, सोललेला, शेंडी राखलेला. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "काका, खुर्चीवर तुम्ही बसा, नारळ टेबलावर ठेवा." तर म्हणाले, "त्याला लांबचा प्रवास आहे, बसू दे." नारळ इथपर्यंत आणायची गरज काय, असंही विचारलं. त्यावर उत्तर तयार होतं, "तू चालू झाला म्हणालीस, तर नारळासाठी परत घरी कोण जाणार?"

यंदाही भाऊबीज झाली आणि मी उगाच दाराकडे बघत राहिले. काका आता नाहीत. पण सवय मेली लवकर जात नाही.

माझं बोरिवलीला सहली काढायचं छोटंसं दुकान आहे. अष्टविनायक, कोकणदर्शन, कधी काश्मीर, कुणाच्या मुलाने फारच मनावर घेतलं तर सिंगापूर. सीरिया मागणारा माणूस उभ्या धंद्यात हा एकच. तोही नुसता सीरिया मागायचा नाही, तर देर अझ-झोर मागायचा. मी संगणकावर नकाशा उघडला तेव्हा काकांनी काचेवर बोट टेकवलं. "ही फरात. पुस्तकात हिला युफ्रेटिस म्हणतात. ही इथे वळते ना, तिथे ते शहर." धंद्यात मला नाही म्हणायची सवय नाही, नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात शिरतं. पण तिथे तेव्हा युद्ध पेटलेलं. म्हटलं, "काका, बातम्या बघता ना?"

"बघतंय. म्हणान तर विचारूक इलंय."

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका पंपांच्या कामात शिरले. नदीचं पाणी उपसून शेतात चढवणारे मोठे पंप बसवायला त्यांची कंपनी त्यांना देर अझ-झोरला घेऊन गेली आणि तिथे ते बरीच वर्षं राहिले. सुट्टी शुक्रवारी. बाकीचे लोक शुक्रवारी कपडे धुवायचे, पत्ते कुटायचे, झोपायचे. काका उठून पडकी गावं बघायला जायचे. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कपडे गुरुवारी धुवायचो."

तर असा माणूस. सरळ उत्तर पहिल्या फटक्यात द्यायचाच नाही.

त्यांचं बघणंही जगावेगळं होतं. कुठल्याही पडक्या जागी गेले की मूर्ती, नक्षी वगैरे नंतर. आधी न्हाणी शोधायची आणि तिथलं पाणी बाहेर कसं पडत असेल ते बघायचं. "पाणी खंय जाता ता बघ, मग घर कळता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. देर अझ-झोरहून नदीच्या कडेकडेने खाली गेलं की मारी नावाचं फार जुनं शहर लागतं. तिथला राजवाडा कच्च्या विटांचा, वर छप्पर घालून जपलेला. काका राजाच्या दरबारात दोन मिनिटंसुद्धा थांबले नसतील, पण मोरीपाशी तासभर बसले होते. मातीच्या नळ्या एकीत एक बसवलेल्या आणि सांध्याला डांबर. हे सांगताना ते दोन्ही हातांच्या मुठी एकीत एक अडकवून दाखवायचे. "चार हजार वर्षांपूर्वीचा प्लंबर. माका वाटला, आता येतलो आणि विचारतलो, कोण रे तू, माझ्या कामाक हात लावतंस?"

वरच्या अंगाला, नदीच्या काठावरच, हलबिया नावाचा एका राणीचा किल्ला. त्याचे दगड उन्हात चमचमतात. तिथे ते भर उन्हात चढले आणि घेरी येऊन पडले. पण वरून फरात दिसते ती काय दिसते, म्हणून पुढच्या महिन्यात परत चढले.

आणि एक सवय सगळ्यांत मोठी. कुठेही आत शिरण्याआधी काका उंबऱ्याबाहेर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. कोकणात देवाला घालतात तेच. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून व्हय म्हाराजा म्हणायचं. "बा देवा म्हाराजा, मी परब, मालवणचो, ऱ्हवाक बोरिवलीक. आज तुज्या दारात इलंय. काय चूकभूल झाली तर पदरात घे." मी म्हटलं, "काका, तिथे कोण राहतंय आता ऐकायला?" ते म्हणाले, "घर पडलं म्हणून बिनमालकाचं होत नाही. सांगून आत जावं, एवढंच."

आता अडचण अशी की गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. व्हय म्हणायला कुणीतरी लागतंच. तिथे फरातकाठी काकांना व्हय म्हणणारा कोण भेटावा, तर अबू नासिर.

मारीला जाण्याच्या वाटेवर दुरा-युरोपोस नावाचं एक उजाड गाव आहे, उंच कड्यावर वसलेलं, खाली नदी. अबू नासिर तिथला पहारेकरी, राहायला शेजारच्या गावात. काका पहिल्यांदा तिथे जाऊन आले आणि रात्री कॅम्पवर बूट काढला, तर आतून खापराचा एक तुकडा पडला. बोटाच्या पेराएवढा. दुसऱ्या कुणी तो खिडकीत ठेवला असता नाहीतर फेकून दिला असता. पण परबांचं रक्त मालवणचं. पडक्या जागेतली वस्तू घरी आणली की त्या जागेचा राखणदार मागोमाग येतो, हे त्यांनी आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. आठवडाभर धड झोप नाही. पुढच्या शुक्रवारी तासन्‌तास बसने जाऊन तो तुकडा त्यांनी अबू नासिरच्या हातावर ठेवला आणि मोडक्यातोडक्या अरबीत माफी मागितली.

अबू नासिरचा जन्म लोकांचे खिसे तपासण्यात गेला होता. काहीतरी परत आणून देणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. तो इतका हसला की खोकला लागला. मग त्याने बिनदुधाचा गोड चहा पाजला आणि गाव दाखवायला निघाला. काकांनी दरवाजाशी त्याला थांबवलं, गाऱ्हाण्याची रीत समजावली आणि व्हय म्हाराजा म्हणायला शिकवलं. तो म्हणाला. कारण न विचारता म्हणाला, हे काकांना फार आवडलं.

त्या गावाची एक गोष्ट काका नेहमी सांगायचे. तटाला लागून एक रस्ता होता. तिथे ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनेचं घर, पुढे यहुद्यांचं, कोपऱ्यात आणखी जुन्या देवांची देवळं. सगळे शेजारी. शत्रूने वेढा घातला तेव्हा तट पक्का करायला गावकऱ्यांनी तटालगतच्या त्या इमारती मातीने भरून टाकल्या. गाव पडायचं ते पडलंच, पण मातीत गाडलेल्या भिंतींवरची चित्रं वाचली. लोकांना चित्रांचं कौतुक वाटायचं. काका म्हणायचे, "आपली घरं आपल्याच हातांनी पुरायची. वेढ्यातल्या बायकांचं काय झालं असेल गो?"

पुढे मी रविवारच्या सहली काढल्या, उपनगरातली लेणी, अर्धा दिवस, नाश्त्यासह. मंडपेश्वर, जोगेश्वरी, महाकाली, कान्हेरी. माहिती सांगायला काकांना घेतलं. त्यांनी अट घातली की गाऱ्हाण्याशिवाय कुणी आत जायचं नाही. कान्हेरीला आमचा निवृत्त मंडळींचा गट एकदम एका सुरात व्हय म्हाराजा ओरडला, तर गेटवरचा माणूस धावत आला. त्याला वाटलं, मोर्चा आला. काकांनी त्यालाही रांगेत उभं केलं. मग आत शिरून मूर्ती राहिल्या बाजूला, तासभर पाण्याच्या टाक्या आणि खडकातले पन्हळ. एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, बुद्ध कधी दाखवणार?" काका म्हणाले, "दाखवतो. आधी त्याच्या भिक्षूंना पाणी कुठून मिळायचं ते तर बघा." आणि खरं सांगते, नंतर त्याच बाई दर टाकीत वाकून बघत होत्या.

या गटात एकच व्यक्ती कधी व्हय म्हाराजा म्हणाली नाही. सुमनकाकू, काकांची बायको. सगळे हात जोडायचे तेव्हा त्या पर्समधून बडीशेप काढून खायच्या.

त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. झालं असं की काका तिकडे असताना काकूंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं. दिराचा फोन गेला की लक्षण ठीक नाही. काकांचा पासपोर्ट नेमका परवान्याच्या नूतनीकरणाला गेलेला, त्यामुळे निघता येईना. मधे शुक्रवार आला. काका अबू नासिरकडे गेले आणि दोघं त्या कोपऱ्यातल्या देवळात जाऊन उभे राहिले. मूर्ती नाही, छप्पर नाही, एक झिजलेली पायरी. देवाचं नाव काय, तर अबू नासिरला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी नावं सांगितलेली. काका म्हणाले, नकोच नाव, भलत्याच नावाने हाक मारली तर यायचा तोही यायचा नाही. आणि तसंच बोलले, "बा म्हाराजा, तुजा नाव माका म्हायत नाय. माज्या बायलेक बरी कर. ती बरी झाली की तिका घेवन तुज्या दारात येतंय आणि तुज्या पायरेर नारळ फोडतंय." मागून अबू नासिर म्हणाला, व्हय म्हाराजा.

काकू बऱ्या झाल्या.

"पोट फाडलं डॉक्टरने," काकू म्हणायच्या, "टाके पडले मला, रात्री जागली माझी बहीण. आणि नारळ कुणाला, तर ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला. नवस तुम्ही बोललात, मला विचारलं होतं?"

तरी त्या जायला तयार झाल्या होत्या. काका सुट्टीवर येऊन परत गेले तेव्हा नारळ घेऊन गेले, कारण तिकडे अख्खा नारळ मिळणं कठीण. तो अबू नासिरच्या हवाली केला. "अमानत", म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव, हा शब्द दोघांच्याही भाषेत होता, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. बायको आली की इथे, असा फोडायचा, हे काकांनी दगड आपटून दाखवलं. पुढच्या वसंतात काकूंना न्यायचं ठरलं, तिकीट काढलं, नवीन चपला घेतल्या. आणि तो वसंत उजाडला तोच दंगल-गोळीबाराच्या बातम्या घेऊन. कंपनीने माणसं परत आणली. काही महिन्यांनी अबू नासिरचा फोनही लागेनासा झाला.

तेव्हापासून काका पिशवी घेऊन माझ्याकडे यायला लागले.

शहरातला नदीवरचा झुलता पूल पडल्याचं चित्र बातम्यांत आलं त्या दिवशी ते दुकानात आले आणि काही न विचारता बसून राहिले. संध्याकाळी त्या पुलावर सगळं गाव हवा खायला यायचं, एवढंच बोलले. अबू नासिरच्या दुरा-युरोपोसमध्ये चोरांनी खणून खणून जमिनीची चाळण केली, वरून काढलेल्या छायाचित्रांत नुसते खड्डे दिसत होते. ते पाहून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

लोकांनी सुचवून पाहिलं. मंडपेश्वराला फोडा नारळ, त्या जागेने किती धर्म पाहिलेत, तो समजून घेईल. काकांच्या गावच्या गुरवानेसुद्धा सांगितलं की फेडलास समज. काकांचं एकच, "साखर ज्या शेजाऱ्याकडून आणली त्यालाच परत द्यायची असते. दुसऱ्याच बिऱ्हाडात नेऊन दिली तर चालेल?" तिकडे ठेवलेला टिकला असेल याचा भरवसा नाही, म्हणून दर दिवाळीला नवा नारळ. तो वर्षभर देव्हाऱ्याखाली थांबायचा, आणि पुढचा आला की वाळलेला जुना काकूंच्या वाटणात जायचा. त्याची सोलकढी होत नाही म्हणून काकू करवादायच्या.

मला वाटायचं ही म्हाताऱ्याची गंमत आहे. पण एकदा ते हळू आवाजात म्हणाले, "तिची गुडघेदुखी वाढली, साखर वाढली, की वाटतं, तो तिकडून हिशेब विचारतोय." त्यानंतर मी कधी हसले नाही.

मग तिकडे राज्य पालटलं, रस्ते हळूहळू उघडायला लागले. दमास्कसमध्ये सहली काढणाऱ्या एका बाईशी माझी ओळख झाली, माझ्यासारखीच खमकी. तिने स्पष्ट सांगितलं की दुराच्या बाजूला सुरुंग आहेत, म्हातारी माणसं पाठवू नकोस. मी म्हटलं, माणसं राहू दे, एक माणूस शोधून दे. जुना पहारेकरी, अबू नासिर म्हणतात, असला तर. तिने त्याच्या गावात निरोप धाडले. बरेच महिने काही नाही. आणि एक दिवस तिने एक नंबर पाठवला. अबू नासिरच्या मुलीचा.

मी काका-काकूंना दुकानात बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, पिशवी अर्थात बरोबर, आत नुकत्याच झालेल्या दिवाळीचा नवा नारळ. फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर मुलगी दिसली, मग एक पांढऱ्या दाढीचा, अगदी वाळून गेलेला माणूस. दोघं एकाच वेळी बोलायला लागले, एकाच वेळी थांबले. काका मधूनमधून आम्हाला मराठीत सांगत होते, बायको गेली म्हणतो, गुडघे गेले म्हणतो, तू म्हातारा झालास म्हणतो.

मग अबू नासिरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसाच बराच वेळ बोलत राहिला. काकांनी सांगणं बंद केलं.

"अहो, काय म्हणतायत?" काकू म्हणाल्या. "सांगा ना."

"नारळ खाल्लो म्हणता."

गावात राहणं अशक्य झालं तेव्हा तो मुलीकडे शहरात गेला होता. बरोबर चार कपडे आणि काकांची अमानत. आणि शहरालाच वेढा पडला. घरात पीठ नाही, बाजारात काही नाही, नातवंडं रडतायत. त्याची बायको म्हणाली, तो दुसऱ्याचा आहे, हात लावू नका. तरी एका सकाळी त्याने नारळ काढला. देवळापर्यंत जाणं शक्य नव्हतं, म्हणून घराच्या दारात बसला आणि काकांनी दाखवला होता तसा पायरीवर फोडला. काकांचं नाव घेतलं, सुमन हे नाव घेतलं. मागून म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून व्हय म्हाराजाही स्वतःच म्हणाला. आत नुसतं सुकं खोबरं होतं, ते पोरांना वाटलं. तेव्हापासून मनाला खात होतं, म्हणाला. दुसऱ्याच्या देवाचं खाल्लं, माफ कर.

उसन्या साखरेच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस, आता काय बोलणार? काकूंनी त्यांचा दंड हलवला. "बोला काहीतरी. तो माणूस तिकडे रडतोय."

काकांनी अरबीत एकच प्रश्न विचारला. मी काकूंकडे पाहिलं, त्यांनाही कळला नव्हता. तिकडे अबू नासिरने मान वळवून हाका मारल्या आणि पडद्यात एकेक करून चांगली उंच झालेली मुलं-मुली घुसली. एकाला मिसरूड फुटलेली. सगळी हसत होती.

"विचारलं, पोरं जगली का," काका म्हणाले. "जगली." आणि मग ते रडायला लागले. रडत रडतच म्हणाले, "साखर बरोब्बर शेजाऱ्याकडे पोचली गो."

मग त्यांनी ती पायरी बघायला मागितली. मुलीने फोन खाली नेला. साधी सिमेंटची पायरी, कोपरा उडालेला, बाजूला लहान मुलाची एक चप्पल. काका उठून उभे राहिले. काकूंना खांद्याला धरून फोनसमोर आणलं. "ही सुमन. आणलंय." मग हात जोडून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, मी परब, मालवणचो, ऱ्हवाक बोरिवलीक. बोललंय तसा बायलेक घेवन आज तुज्या दारात..." आणि तिथे आवाज बसला.

फोनमधून म्हातारा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आणि माझ्या शेजारून काकू म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." हातात बडीशेपेची डबी होती, तशीच जोडलेल्या हातांत धरून.

मी त्या दोघांना शेवटचं एकत्र पाहिलं ते त्या दिवशी, दुकानातून निघताना. त्यानंतर थोड्याच दिवसांत काका झोपेत गेले. तर त्या दिवशी काकांनी खुर्चीवरची पिशवी उचलली आणि गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या नारळाला कुठे जायचं नव्हतं.

"आता ह्याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"इकडे द्या," काकूंनी पिशवी ओढून घेतली, नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं. "पहिल्यांदा ओला हाताला लागलाय. सोलकढी करते."